चारशे बारा सायकली

१९८३ सालच्या नोव्हेंबरातला मंगळवार. मिरजेपासून बारा मैलांवर, उसाच्या फडांच्या मधोमध असलेल्या उपाध्ये पंप वर्क्सच्या फाटकाशी आमची जीप थांबली तेव्हा सकाळचे साडेनऊ झाले होते. मालक स्वतः दारात हार घेऊन उभे होते. पण पाळंदेसाहेब खाली उतरले ते त्यांच्याकडे नुसते हात जोडून थेट डावीकडे वळले. सायकलस्टँडकडे.

"येतोच," ते मागे न बघता म्हणाले. "आधी देवदर्शन."

भूपाल उपाध्ये माझ्याकडे पाहून हसले. हार तसाच हातात. पन्नाशीचे, सडपातळ, पांढरा बुशशर्ट, खिशाला तीन पेनं. "चालू द्या. आम्हाला ठाऊक आहे साहेबांची पद्धत."

ती सगळ्यांनाच ठाऊक होती. मुंबईतली आमची वित्तसंस्था कारखान्यांना दीर्घ मुदतीची कर्जं देत असे, आणि तीस वर्षं पाळंदेसाहेब कर्ज द्यायच्या आधी कारखाना बघून यायचे. ताळेबंद नंतर. आधी ते सायकली मोजायचे. "ताळेबंद मालक लिहितो आणि हिशेबनीस सजवतो," ते नव्या अधिकाऱ्यांना सांगायचे. "पण सायकल जो तो आपली आपण आणून लावतो. स्टँड भरलेला असेल तर कारखाना आहे. रिकामा असेल तर नुसती इमारत आहे." १९५९ साली संस्थेतली पहिली बाई अधिकारी म्हणून मी रुजू झाले, तेव्हा माझ्या पहिल्याच दौऱ्यावर त्यांनी मला भर उन्हात दोनशे सत्तर सायकली मोजायला लावल्या होत्या. माझा आकडा त्यांच्यापेक्षा तीनने चुकला. त्यांनी मला परत मोजायला लावलं.

आता मी त्यांची वरिष्ठ होते. कर्ज विभागाची महाव्यवस्थापक होऊन मला सात महिने झाले होते. ती खुर्ची त्यांची होती, असं ऑफिसात उघड बोललं जाई. मी पहिल्या दिवशी केबिनमध्ये आले तेव्हा ते उठून उभे राहिले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "साहेब, बसा हो," मी म्हटलं. "खुर्चीसाठी उभा राहिलो," ते म्हणाले. "तुमच्यासाठी नाही. तुम्ही अजून तीनने चुकता." फेब्रुवारीत ते निवृत्त व्हायचे होते.

उपाध्यांचं प्रकरण ही त्यांची शेवटची शिफारस. पंपांचा धंदा दोन वर्षं बसला होता, आमचे हप्ते थकले होते. आता दोनच वाटा होत्या. अठरा लाखांचं नवं कर्ज देऊन कारखाना उभा करायचा, नाहीतर ताब्यात घेऊन लिलावात काढायचा. पाळंद्यांचं मत नवं कर्ज द्यावं असं होतं. वित्त विभागाचे सबनीस विरोधात होते. अध्यक्ष मला म्हणाले, "तुम्ही स्वतः बघून या. शुक्रवारी समितीत तुमचा शब्द शेवटचा." आणि मी बाहेर पडताना सबनीस दारात भेटले. "गुरूंचा हात धरून निघालात? बरं असतं. रस्ता ओलांडायला."

हे एक वाक्य मी मिरजेपर्यंत घोळवत आले होते.

पाळंदेसाहेब ओळीओळीने चालत होते. ओठ हलत होते, उजव्या हाताची बोटं मांडीवर पडत होती. त्यांच्या चष्म्याच्या काचा तेव्हा जाड झाल्या होत्या, डाव्या डोळ्यात मोतीबिंदू. स्टँड गच्च भरलेला होता. मी त्यांच्या मागून निघाले. मोजत नव्हते, नुसती बघत होते. म्हणूनच मला दिसलं असावं.

एक सायकल लाल होती. टपालखात्याची. तिच्या शेजारी दुधाच्या कॅनांसाठी दोन्ही बाजूंना लोखंडी कड्या लावलेली एक. मग मुलीची, मधला दांडा नसलेली, हँडलला प्लॅस्टिकच्या झिरमिळ्या. आणि मग मागच्या मडगार्डवर पांढऱ्या रंगात आकडे. नऊ. सतरा. बावीस. तेवीस. खाली बारीक अक्षरात सायकल मार्टचं नाव, मिरज. तासावर भाड्याने मिळायच्या तसल्या.

कारखान्याचा प्रत्येक कामगार सायकलच्या हँडलला पत्र्याचा बिल्ला अडकवत असे. काहींना तो होता, पण निम्म्याहून जास्त हँडलं मोकळी होती.

"चारशे बारा," पाळंदे परत येऊन म्हणाले. वहीत लिहिलं, तारीख टाकली. मग मान झुकवून उपाध्यांकडून हार घालून घेतला.

आत कारखाना स्वच्छ होता. इतका स्वच्छ की मला भीती वाटली. चालत्या कारखान्यात जमिनीवर लोखंडाचा कीस असतो. चौदा लेथपैकी पाच फिरत होते. माणसं होती, ती मान खाली घालून मन लावून काम करत होती, पण ती चारशे नव्हती. मला वाटलं, दीडशे असतील. उपाध्ये माझ्या बरोबरीने चालत ऑर्डरींबद्दल सांगत होते. गुजरातेतून आलेली चौकशी, कर्नाटक सरकारचं टेंडर. त्यांचा आवाज शांत होता.

"बाईसाहेब, तीन महिने पगार देऊ शकलो नाही," ते एकदम म्हणाले. "ते लपवत नाही. तरी माणसं येतात."

"किती येतात?"

"साहेबांनी मोजलीत की."

चहाच्या वेळी पुरुष मंडळी ऑफिसात बसली. मी हात धुवायला म्हणून कँटीनच्या मागे गेले, तिथे युनियनचा सेक्रेटरी उभा होता. सिदराम हुक्केरी. सकाळी ओळख करून दिली होती. काळा, उंच, चाळिशीचा, कपाळाला विभूती. फाउंड्रीत ओतकाम करायचा, हातावर भाजल्याचे पांढरे डाग. त्याने माझ्यासाठी बादलीतून तांब्याने पाणी घातलं.

"हुक्केरी, तुमची सायकल कुठली?" मी विचारलं.

"माझी न्हाई. मी चालत येतो. दीड मैल तर हाय."

"मग या सगळ्या कुणाच्या?"

तो तांब्यातलं उरलेलं पाणी बघत राहिला. "कामगारांच्या."

"सतरा नंबर कुठल्या कामगाराची?"

त्याने तांब्या पालथा ठेवला. पळवाट शोधणारा माणूस नव्हता तो. "गावाच्या हायेत," तो म्हणाला. "आनी चाळीस मिरजेच्या. भाड्याच्या."

"पोस्टमनचीपण?"

"त्यो म्हनला, माझी बी लावा. आज टपाल चालत वाटतो." त्याला जरा हसू आलं, मग ते गेलं. "मुंबैचं साहेब सायकली मोजत्यात म्हनून. मागं एकदा सांगलीला भाषन झालं होतं त्यांचं, तवा सांगितलं होतं. आमच्या धन्याला काय ठाऊक न्हाई यातलं."

"खरं?"

"त्येला वाटतंय समदे परत कामाला आले. बाकीचे मागं फाउंड्रीत हायेत म्हनून सांगितलं. सकाळपासनं खूश हाय बिचारा."

"भाडं कुणी दिलं?"

"वर्गनी काढली. जो येतोय त्यानं दोन-दोन रुपये."

पगार नसलेली माणसं. मी ओले हात पदराला पुसले. तो माझ्याकडे बघत होता. "बाई, तुमी लिवनार का ह्ये?"

"मला लिहावंच लागेल, हुक्केरी. मी पाहिलंय."

त्याने मान हलवली. वाद घातला नाही, हात जोडले नाहीत. म्हणाला, "मग त्ये बी लिवा. वर्गनीचं. कुनी जबरदस्ती केली न्हाई कुनावर."

"लिहीन," मी म्हटलं.

मिरज स्टेशनावर गाडीला दोन तास अवकाश होता. पाळंदेसाहेबांनी उपाहारगृहात दोन उसळ-पाव मागवले आणि आपल्या पावाचा अर्धा तुकडा सवयीने माझ्या ताटलीत ठेवला. चोवीस वर्षं ते हे करत आले होते. मला खायला लागतं असं त्यांनी पहिल्याच दौऱ्यावर ठरवून टाकलं होतं.

"काय वाटलं?" त्यांनी विचारलं.

"तुम्हाला?"

"मी लिहिणार आहे द्यावं म्हणून." ते चष्मा पुसत होते. चष्म्याशिवाय त्यांचे डोळे फार म्हातारे दिसत. "चारशे बारा. दोन वर्षं धंदा नाही आणि स्टँड भरलेला. मी असं पाहिलं नव्हतं, मालिनीबाई."

त्या क्षणी मी सांगायला हवं होतं. टेबलावर दोन ताटल्या होत्या आणि मधे पाण्याचा जग. तीन फुटांचं अंतर. पण मला वाटलं, यांना आता दिसत नाही. ज्यांनी मला बघायला शिकवलं त्यांना लाल सायकल दिसली नाही. हे तोंडावर कसं सांगायचं? शुक्रवारपर्यंत काहीतरी सुचेल, असं मनाशी म्हणून मी उसळ संपवली.

बुधवारी त्यांचं टिपण माझ्या टेबलावर आलं. गुरुवारीही ते तिथेच होतं. मी त्यावर सही केली, "समितीपुढे ठेवावे" असं लिहिलं. घरी आई म्हणाली, "तुझं जेवणात लक्ष नाही." मी म्हटलं, उद्या मीटिंग आहे.

शुक्रवारी अकराला समिती बसली. आमच्याकडे रिवाज असा की टिपण लिहिणाऱ्याने ते उभं राहून वाचायचं, मग सभासदांनी बोलायचं, आणि विभागप्रमुखाने सर्वांत शेवटी. पाळंदेसाहेबांनी वाचलं. त्यांचा आवाज छान होता, आकडेसुद्धा श्लोकासारखे म्हणत. "पाहणीच्या दिवशी कारखान्याच्या आवारात चारशे बारा सायकली आढळल्या," इथे ते थोडे थांबले.

"आल्या सायकली," सबनीस म्हणाले. दोघेतिघे हसले. पाळंदेही हसले.

मग सबनीसांनी त्यांचं म्हणणं मांडलं. मुद्दे चांगले होते. बाजार पडलेला, व्याज थकलेलं, अठरा लाख घातले तर तेही बुडतील. अध्यक्ष माझ्याकडे वळले.

"बाई, तुम्ही स्वतः गेला होतात. टिपणाशी सहमत?"

सात जण बसले होते. सातही पुरुष, आणि सातही जणांना माझं उत्तर आधीच माहीत असल्यासारखं वाटत होतं. सबनीस तर टोपण लावून पेन खिशात ठेवत होते. त्यांना वाटलं, ही आता गुरुजींच्या मागे हो म्हणणार.

"त्या सायकलींतल्या निम्म्याहून जास्त कामगारांच्या नव्हत्या," मी म्हटलं. "काही भाड्याने आणलेल्या होत्या. मागे मार्टचे नंबर होते. एक टपालखात्याची होती. प्रत्यक्षात कामावर दीडशेच्या आसपास माणसं असावीत."

मग सबनीस हळूच म्हणाले, "टपालखात्याची?" आणि एक जण हसला, मग दुसरा. ते हसणं दुष्टपणाचं नव्हतं. पोस्टमनची सायकल मोजणारा अधिकारी ही गोष्ट हसण्यासारखीच होती. पुढची दहा वर्षं ती आमच्या संस्थेत सांगितली गेली.

पाळंदे उभेच होते. त्यांनी चष्मा काढला, टिपणाची घडी केली आणि बसले.

"म्हणजे आपली फसवणूक केली," अध्यक्ष म्हणाले. "मालकाने?"

"मालकाला माहीत नव्हतं, असं कळलं," मी म्हटलं. "कामगारांनी केलं."

"तेच ते."

इथे मी वर्गणीचं बोलायला हवं होतं. मी हुक्केरीला शब्द दिला होता. जिभेवर आलेलंही होतं. पण समोर सबनीस होते, आणि ते माझ्याकडे नव्या नजरेने बघत होते. त्या खोलीत तशा नजरेने माझ्याकडे आधी कुणीच बघितलं नव्हतं. दोन-दोन रुपयांची गोष्ट काढली तर ती नजर जाईल, हे मला कळत होतं. बाई शेवटी विरघळल्या, असं होईल. मी फाइल मिटली.

ठराव पाच मिनिटांत झाला. कारखाना ताब्यात घ्यावा.

पाळंदेसाहेब मला जिन्यात भेटले. बहुतेक माझी वाट बघत थांबले होते. मी म्हटलं, "साहेब, मला आधी सांगायला हवं होतं. माझं चुकलं. पण तुम्हाला दिसलं नाही हे मला तोंडावर..."

"सतरा नंबर तिसऱ्या ओळीत होती," ते म्हणाले. "लाल पहिल्या ओळीच्या टोकाला. बिल्ले मी वेगळे मोजले. एकशे त्रेपन्न."

मी कठड्याला हात लावला.

"तुम्हाला दिसलं होतं?"

"मला लांबचं दिसतं अजून. जवळचं दिसत नाही."

"मग तसं लिहिलं का नाहीत?"

"काय लिहिणार? भाड्याच्या सायकली असं लिहिलं की सबनीस पुढचं वाचणार नाहीत. तुम्ही पाहिलंत आज." ते रागावलेले नव्हते. रागावले असते तर बरं झालं असतं. "मालिनीबाई, मी तीस वर्षं सायकली कशासाठी मोजतो असं तुम्हाला वाटतं? माणसं किती ते तर हजेरीपुस्तकातही असतं. कारखाना जगावा असं किती जणांना वाटतं, ते मी मोजतो. एकशे त्रेपन्न लोक पगाराशिवाय येत होते. तेवढ्यावरसुद्धा मी शिफारस केली असती. त्यांना ते कुठून कळणार? त्यांनी गाव आणून उभं केलं. कर्ज बुडवणारे लोक असलं काही करत नाहीत."

"पण ते खोटं होतं, साहेब."

"होतं ना. आणि मी त्या खोट्याला माझी सही दिली. त्यामुळे तुम्ही म्हणालात ते बरोबरच म्हणालात." त्यांनी टिपण खिशात घातलं. "मला वाटलं होतं, तुम्ही शेवटी बोलणार आहात. तुम्हीही पाहिलं असणार. तुम्ही त्या हुक्केरीशी बोलत होतात ते मी खिडकीतून पाहिलं. मी अर्धं सांगितलं तर उरलेलं अर्धं तुम्ही सांगाल, असं मी धरून चाललो. हे तुम्हाला विचारायला हवं होतं. गाडीत विचारणार होतो. तुम्ही झोपलात."

मी झोपले नव्हते. डोळे मिटून पडले होते.

आता यातलं कुणी उरलेलं नाही, म्हणून लिहायला हरकत नाही.

पाळंदेसाहेब ठरल्याप्रमाणे फेब्रुवारीत निवृत्त झाले. निरोपसमारंभात त्यांना एक खेळण्यातली सायकल भेट मिळाली. सबनीसांची कल्पना. ते मनापासून हसले आणि ती घरी घेऊन गेले. मी भाषण केलं, ते चांगलं झालं असं सगळे म्हणाले. त्यानंतर आमची भेट एकदाच झाली, ठाण्याला त्यांच्या घरी, १९८८ मध्ये. तोवर त्यांना दोन्ही डोळ्यांनी दिसेनासं झालं होतं. माझा आवाज ओळखून त्यांनी सुनेला सांगितलं, "यांना खायला दे, यांना लागतं." कारखान्याचं नाव दोघांनीही काढलं नाही. पुढच्या वर्षी ते गेले.

सबनीस अध्यक्ष झाले. माझं नाव कार्यकारी संचालकपदासाठी त्यांनीच सुचवलं. आमच्या संस्थेत त्या पदावर पोचलेली मी पहिली बाई. "भावनेच्या आहारी न जाणाऱ्या" असं माझ्या निवडीच्या ठरावात लिहिलं होतं, आणि त्याचा दाखला म्हणून उपाध्ये प्रकरणाचा उल्लेख होता. तो ठराव मी घरी आणला नाही. पुढे मी कित्येक कारखान्यांना कर्जं दिली, कित्येकांना नाकारली. ते अठरा लाख परत आले असते की बुडाले असते, हे मला आजही सांगता येणार नाही. सबनीसांचे मुद्दे चांगले होते.

भूपाल उपाध्ये बेळगावला भावाकडे गेले. सायकलींचं त्यांना ताबा घ्यायला गेलेल्या आमच्या अधिकाऱ्याकडून कळलं. त्यांनी मला एक पत्र लिहिलं. त्यात तक्रार नव्हती. कामगारांवर फसवणुकीचा खटला भरू नये, एवढीच विनंती होती. तो आम्ही भरणारही नव्हतो. मी तसं उत्तर पाठवलं, ऑफिसच्या कागदावर, टंकलिखित.

आणि सिदराम हुक्केरी. ताब्यात घेतलेल्या कारखान्यावर आम्ही पहारेकरी नेमत असू. मिरजेच्या एजन्सीने जी नावं पाठवली त्यात त्याचं होतं. महिना दोनशे चाळीस रुपये. लिलाव कोर्टात अडकला तो सहा वर्षं. सहा वर्षं त्याचा मासिक अहवाल माझ्या विभागात येत होता, पोस्टकार्डावर, एकाच मजकुराचा. यंत्रे जागेवर आहेत. कुलूप शाबूत आहे.

दुसऱ्या वर्षी हिशेब विभागाने एक हरकत काढली. पहारेकरी दर महिन्याला चार लिटर वंगणतेलाचे पैसे मागतो, बंद कारखान्यात तेल कशाला? खुलासा मागवला. त्याचं उत्तर आलं की लेथना दर शनिवारी तेल देतो आणि हाताने फिरवून ठेवतो, म्हणजे पुन्हा चालू करताना अडणार नाहीत. मी ते बिल मंजूर केलं. पुढचीही सगळी केली. माझ्या हातात तेवढंच उरलं होतं.

१९९० मध्ये लिलाव झाला. चौदाही लेथ कोल्हापूरच्या एका भंगारवाल्याने वजनावर घेतले. आमच्या अधिकाऱ्याने आल्यावर सांगितलं की ट्रकवर चढवताना हुक्केरी एकेका यंत्राजवळ जाऊन त्याचं चाक फिरवून दाखवत होता, आणि भंगारवाला त्याला म्हणत होता, मामा, कळलं, कळलं, बाजूला व्हा.